वेताळ टेकडी ते बंडगार्डन: पुण्यातली एका सकाळची चाल

पुण्यात डोंगर चढायला सिंहगडापर्यंत जावं लागत नाही. शहर साधारण ५६० मीटर उंचीवर आहे आणि वेताळ टेकडीचा माथा ८०० मीटरच्या आसपास. तो चढून, परत उतरून, डेक्कनला मुठेच्या पात्रात जायचं आणि नदीकाठाने ओंकारेश्वर गाठायचं, ही चाल नाश्ता धरून चार-साडेचार तासांत होते. दोन्ही टोकांना मेट्रो असल्याने गाडी कुठे लावायची हा प्रश्न उरत नाही. खाली दिलेल्या वेळा नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या आहेत. मार्चनंतर हे सगळं एका सकाळी उरकण्याच्या फंदात पडू नका. टेकडी सकाळी करा, नदी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

मेट्रो सकाळी सहाला सुरू होते. वनाज–रामवाडी मार्गावर नळस्टॉपला उतरायचं. स्वच्छतागृह स्टेशनवरच वापरून घ्या, वर काहीही नाही. पाणीही नाही, म्हणून माणशी एक लिटर सोबत हवं. तिथून लॉ कॉलेज रस्त्याने फिल्म इन्स्टिट्यूटच्या बाजूला पंधरा-वीस मिनिटं चाललं की कांचन गल्लीतून टेकडीवर जाणारी वाट मिळते. लॉ कॉलेजच्या आवारातूनही वाट आहे, पण फाटक ठरावीक वेळेतच उघडं असतं. ते उघडं मिळेल या भरवशावर आखणी करू नये.

पहिला चढ वीस-पंचवीस मिनिटांचा आणि तोच दमवणारा. वर सपाटी लागली की वाटांना फाटे फुटायला लागतात. नकाशावर त्या सगळ्या दिसतात, पण कुठली ठळक आणि कुठली गुरांची हे त्यावरून कळत नाही. खुणा डोळ्यांनी धरा: नैर्ऋत्येला टीव्हीचा मनोरा असलेला सिंहगड, आग्नेयेला पर्वती, आणि टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या इमारती. त्या इमारती मागे टाकून चढत्या बाजूला राहिलं की वेताळाचं देऊळ लागतं. लॉ कॉलेज रस्त्यापासून तिथवर तास-सव्वा तास धरा. वायव्येला पाषाण तलाव दिसतो. धुकं नसेल तर शहर किती पसरलंय हे इथून जेवढं कळतं, तेवढं दुसरीकडून कळत नाही.

वाटेत डोळ्यांत भरतं ते गिरिपुष्प. वनीकरणात लावलेलं हे परदेशी झाड हिवाळ्याच्या शेवटी पानं झाडून गुलाबी फुलतं. फोटोला छान दिसतं, पण खाली गवताला फारसं वाढू देत नाही. थांबून पाहायला हवी ती सालई, पळस आणि मोकळं गवताळ माळरान. मोर हमखास ऐकू येतात, बरेचदा दिसतातही. त्यांना दाणे टाकू नका. दाण्यांवर कुत्री जमतात आणि मोराची पिल्लं त्यांच्या तावडीत सापडतात.

गवताचा खरा त्रास ऑक्टोबरनंतर सुरू होतो, तो कुसळांचा. कुसळाला मागे लांब, पिळलेली शेपटी असते. घामाने किंवा दवाने ती ओली झाली की पीळ उलगडतो आणि टोक स्क्रूसारखं आत घुसतं. टोकावरचे बारीक केस मागे वळलेले असल्याने शेपटीला धरून ओढलं तर ते तुटतं आणि टोक मोज्यातच राहतं. टोक ज्या दिशेला निघालंय त्याच दिशेने आरपार काढायचं, म्हणजे सुटतं. जाड सुती किंवा लोकरीचे मोजे कुसळं गोळा करण्यासाठीच केल्यासारखे असतात. गुळगुळीत कापडाची पॅंट बुटाच्या तोंडावर ओढून घेतली की निम्मा त्रास वाचतो. हाफ पॅंट टाळा. कुसळं नसली तरी घाणेरीच्या फांद्या पिंढऱ्या ओरबाडतात.

वरच्या जुन्या खाणीत पाणी साठतं. काठावर बसून खंड्या, टिबुकली हे पाणपक्षी बघा, पण पाण्यात उतरू नका. दगड काढलेली खाण असल्यामुळे काठ उतरता नसतो, सरळ तुटलेला असतो. एक पाऊल गुडघाभर आणि पुढचं डोक्यावर, अशी गत. पोहता येणाऱ्यालाही बाहेर यायला धड पकड मिळत नाही.

घसरण्याचे प्रकार चढताना नाही, उतरताना होतात. कातळावर मुरमाचा पातळ थर असतो, त्यातले खडे बुटाखाली गोट्यांसारखे फिरतात. लांब टांगा टाकू नका. पाय थोडा आडवा ठेवून छोटी पावलं टाका, गुडघे सैल सोडा. तळ झिजलेले धावण्याचे बूट इथे चपलेपेक्षाही वाईट. पावसाळ्यात मुरूम दबतो, पण कातळावर शेवाळ धरतं, आणि ते काळं असल्याने दगडापासून वेगळं ओळखू येत नाही. उतरताना फाटा चुकलात तर पाषाणच्या बाजूला किंवा सेनापती बापट रस्त्याला निघाल. दोन्हीकडे रिक्षा मिळते, घाबरायचं कारण नाही.

पुण्याच्या टेकड्यांवर लूटमारीचे प्रकार झालेले आहेत. अंधार असताना चढू नका, सूर्यास्तापूर्वी रस्त्याला लागा, एकट्याने आडवाटेला जाऊ नका. मदतीसाठी ११२. उन्हाळ्यात गवत पेटायला ठिणगी पुरते, त्यामुळे विडी-सिगारेट खालीच.

साडेआठच्या सुमाराला लॉ कॉलेज रस्त्यावर परत आलात की प्रभात रस्ता धरा. सावली आहे, उतार आहे, आणि जे काही जुने बंगले अजून उभे आहेत ते याच गल्ल्यांत. रस्ता डेक्कनकडे सोडतो. भूक लागली असेल तर गुडलक चौकात बनमस्का आणि चहा, पण रविवारी तिथे रांग असते.

डेक्कन जिमखाना मेट्रो स्टेशनच्या मागे खाली पात्रात उतरलं की बाबा भिडे पूल. जून ते ऑक्टोबरमध्ये इथे येण्यापूर्वी खडकवासला धरणातून किती पाणी सोडलंय (विसर्ग) याची बातमी बघायचीच. आकडा पंधरा-वीस हजार क्युसेकच्या (सेकंदाला घनफुटांच्या) घरात गेला की भिडे पूल पाण्याखाली जातो, आणि त्याआधीच नदीपात्रातला रस्ता बंद होतो. पुण्यात स्वच्छ ऊन असलं तरी धरणक्षेत्रातल्या पावसामुळे पाणी सोडलं जातं, म्हणून आकाश बघून अंदाज बांधू नये. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यालगतच्या नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हाही धरणातून पाणी सोडलं होतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा तर हा सगळा काठच पाण्याखाली होता. पेठांतल्या काही भिंतींवर त्या पुराच्या पातळीच्या खुणा अजून दाखवतात.

पूल ओलांडून पेठांच्या काठाने नदीच्या प्रवाहाबरोबर चालत राहा. ओंकारेश्वराचं पेशवाईतलं देऊळ पंधरा-वीस मिनिटांवर आहे. नदीत पाणी कमी आणि सांडपाणी जास्त, हे लपवण्यात अर्थ नाही. उन्हाने वास वाढतो, म्हणून हा टप्पा दहाच्या आत संपवा. लांब लाल पायांच्या शेकाट्यांचे थवे दिसले की नवखे लोक खूश होतात. शेकाट्या घाण पाण्यातल्या अळ्यांवर पोसतात, तेव्हा त्यांची गर्दी ही नदी धड नसल्याचीच खूण.

ओंकारेश्वरानंतर मुळा-मुठेच्या संगमापर्यंत काठाने सलग चालता येत नाही. पुलांच्या रॅम्पवर, कचऱ्यात आणि रहदारीत तासभर घालवण्यापेक्षा शिंदे पुलाने पलीकडे जंगली महाराज रस्त्यावर जा. पाताळेश्वराची कातळात कोरलेली लेणी तिथून जवळच आहेत, त्यांना अर्धा तास द्या.

पायांत दम असेल तर छत्रपती संभाजी उद्यान स्टेशनवरून रामवाडीकडे जाणारी मेट्रो पकडून बंडगार्डनला उतरा. १८६९ सालचा दगडी कमानींचा फिट्झगेराल्ड पूल, बंधारा आणि नदीसुधार प्रकल्पात बांधलेली पायवाट, असं तिथे एका जागी बघायला मिळतं. पायवाट सपाट आहे, वयस्कर माणसं आणि बाबागाडी दोन्ही चालतात. पण बांधीव काठावर झाडं लहान आहेत आणि सावली जवळपास नाहीच. अकरानंतर टोपीशिवाय जाऊ नका. जलपर्णी साठलेली असेल तर डास फार, तेव्हा खालचा काठ सोडून पुलावरूनच बघा. परतीसाठी बंडगार्डन स्टेशन आहेच. नदीच्या पलीकडच्या काठाला निघालात तर येरवडा.