हे १०५१ कोण?

"सर, हे १०५१ कोण? उडवू का?" पोराने स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं.

सकाळीच तो जुना सर्व्हर एनआयएसमधून (सगळ्या मशीनना युजरची नावं एकाच जागेहून पुरवणारी जुनी डिरेक्टरी) बाहेर काढलेला, तिच्याशी जोडणारं वायपीबाइंड बंद केलं, नावं कुठे शोधायची ते सांगणाऱ्या एनएसस्विचच्या फाइलमधून एनआयएस शब्द खोडला, रूट, म्हणजे मुख्य अॅडमिनचं खातं, लोकल आहे ना ते आधी तीनदा बघितलं (एकदा हात पोळलेत). आणि फाइलींची यादी बघायला एलएस मारलं तर माणसांच्या नावांच्या जागी नुसते आकडे. फाइलवर मालकाचं नाव कधी नसतंच ना, नंबर असतो, नाव दरवेळी डिरेक्टरीला विचारून दाखवतात.

गंमत म्हणजे एनआयएसचं स्वतःचंच पाळण्यातलं नाव यलो पेजेस, ब्रिटिश टेलिकॉमच्या ट्रेडमार्कमुळे ते बनवणाऱ्या सन कंपनीला ते बदलावं लागलं, पण कमांडच्या तोंडी वायपी अजून आहेच.

तर १०५१ म्हणजे आमचे जुने साहेब. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, बॅकअपची स्क्रिप्ट अजून त्यांचीच लिहिलेली, रोज रात्री चालते.

पोराला म्हटलं थांब जरा. लोकल पासवर्ड फाइलमध्ये त्यांची एक ओळ हाताने घातली, लॉगिन बंदच ठेवलं. परत एलएस. आलं नाव.

गरज होती का? नव्हती बहुतेक. तुम्ही काय केलं असतं?