अ‍ॅस्पनचा फूड अँड वाइन क्लासिक: पास घेण्याआधी आणि तंबूत शिरल्यावर

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातल्या अ‍ॅस्पन गावात दर जूनच्या मध्यावर, शुक्रवार ते रविवार, फूड अँड वाइन क्लासिक भरतो. १९८३ साली वाइनप्रेमींचा छोटा मेळा म्हणून तो सुरू झाला आणि पुढे ‘फूड अँड वाइन’ मासिकाच्या नावाने ओळखला जाऊ लागला. २०२० साली तो रद्द झाला, २०२१ साली सप्टेंबरमध्ये झाला आणि त्यानंतर पुन्हा जूनवर आला. झाक पेपँ, होसे आंद्रेस, अँड्र्यू झिमर्न, कार्ला हॉल, आपल्या रांचीच्या मनीत चौहान अशी टीव्हीवरची आणि पुस्तकांवरची माणसं इथे चार हातांच्या अंतरावर उभी राहून कांदा चिरताना दिसतात.

बरेच जण मोठ्या तंबूतल्या वाइन-खाद्याच्या चाखण्यांसाठी येतात, आणि तिथेच हिशेब चुकतो. पासाचे पैसे वसूल होतात ते पाऊण-पाऊण तासाच्या वर्गांत. तंबू मजेचा आहे, पण वर्ग सोडून तंबू धरला तर रविवारी हाती डोकेदुखी आणि नावं न आठवणाऱ्या वाइन एवढंच उरतं.

मुख्य पास तीन दिवसांचा असतो आणि तो दोन हजार डॉलरच्या वर जातो. त्यात वर्ग आणि तंबूतली सत्रं येतात. प्रवास, खोली, रात्रीचं जेवण आणि हॉटेलांनी स्वतंत्रपणे ठेवलेल्या पार्ट्या येत नाहीत. विक्री हिवाळ्यातच सुरू होते आणि पास लवकर संपतात. म्हणून आधी फुकट रद्द करता येईल अशी खोली धरून ठेवावी, मग पास घ्यावा. उलट क्रमाने केलं तर पास हातात असतो आणि गावात एका रात्रीचे दर ऐकून घाम फुटतो. एकवीस वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, आणि हा नियम कडेवरच्या बाळालाही लागू आहे. ‘झोपलेलं आहे हो’ म्हणून दार उघडत नाही. भारतातून येणाऱ्यांनी ओळखपत्र म्हणून मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नये.

राहायला अ‍ॅस्पनच हवं असं नाही. पंधरा किलोमीटरवरच्या स्नोमासला जाणारी बस फुकट आहे. दरीत खाली बसॉल्ट, कार्बनडेल आणि पासष्ट किलोमीटरवर ग्लेनवूड स्प्रिंग्ज आहे. दर साधारण याच क्रमाने उतरत जातात. ग्लेनवूडहून येणारी बस रुबी पार्कच्या स्थानकात थांबते आणि चाखण्याचा तंबू असलेलं वॅग्नर पार्क तिथून अगदी लागून आहे. वाइनच्या मेळ्याला गाडीने जाणं तसंही शहाणपणाचं नाही. कोलोरॅडोत रक्तातलं अल्कोहोल ०.०८ टक्क्याला गेलं की मोठा गुन्हा आहेच, पण ०.०५ पासूनही कारवाई होते.

येण्याचा रस्ता आधी ठरवावा. अ‍ॅस्पनला विमानतळ आहे, पण लहान. चहूबाजूंनी डोंगर, त्यात उन्हाळ्याच्या दुपारी हवा तापून आणखी विरळ होते, मग विमानाला वजन कमी करावं लागतं, नाहीतर थांबावं लागतं. म्हणून सकाळचंच उड्डाण घ्यावं आणि शुक्रवारी सकाळी पोहोचायचा बेत करू नये. गुरुवारी दुपारपर्यंत गावात असलेलं बरं. डेन्व्हरहून मोटारीने आय-७० महामार्ग धरून ग्लेनवूडमार्गे साधारण ३२० किलोमीटर, चार तास. ग्लेनवूडच्या घळीत दरडी कोसळून हा रस्ता कधी कधी बंद पडतो, त्यामुळे निघण्याआधी राज्याच्या रस्तेविभागाचं संकेतस्थळ पाहावं. दुसरा रस्ता इंडिपेन्डन्स पासवरून जातो. अंतर कमी आणि देखावा अप्रतिम, पण खिंड ३,६८७ मीटरवर आहे, काही ठिकाणी रस्ता जेमतेम दोन गाड्यांचा आणि कठड्याविना. घाटात मळमळणाऱ्यांनी आणि समुद्रकाठावरून त्याच दिवशी आलेल्यांनी तो टाळावा. हिवाळाभर हा घाट बंद असतो आणि मेअखेरीस उघडतो.

उंची हा इथला खरा प्रश्न आहे. डेन्व्हर सुमारे १,६०० मीटरवर, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याइतकं. अ‍ॅस्पन २,४०० मीटरवर, कळसूबाईपेक्षा साडेसातशे मीटर वर. हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे पावपट कमी, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन तेवढाच कमी. हवा कोरडी असल्याने घाम आलेला कळत नाही आणि पाणी शरीरातून निघून जातं. डोकं दुखणं, झोप न लागणं, भूक मरणं ही उंचीची लक्षणं, आणि जास्त प्यायल्याचीही तीच. दोन्ही एकत्र आली की माणूस वाइनला दोष देतो. डेन्व्हरला एक रात्र काढून वर जावं. पोहोचल्या दिवशी दारू नको, जिने आणि डोंगर नकोत. दिवसाला तीन लिटरच्या आसपास पाणी, आणि त्यात सकाळी एक ओआरएसचं पाकीट. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर शौचालयाच्या रांगेत वर्ग निघून जातो. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच यावं. उंचीच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारून, कारण सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना त्या चालतीलच असं नाही.

आता वर्ग. दिवसभरात त्यांच्या अनेक फेऱ्या असतात आणि एकाच वेळी पाच-सहा ठिकाणी ते चालू असतात: कुठे शेफची पाककृती, कुठे वाइन, कुठे चीज, कुठे टकीला. जागा पहिल्या येणाऱ्याला. नावाजलेल्या शेफच्या वर्गाला निदान अर्धा-पाऊण तास आधी रांग लावावी लागते, म्हणजे त्या आधीचा वर्ग सोडावा लागतो. इथेच निवड करायची. ज्या शेफला आयुष्यभर पडद्यावर पाहिलं त्याला एकदा समोर पाहण्यात गंमत आहे, पण बहुतेक पाकवर्गांत पदार्थ समोर शिजतो आणि प्रत्येकाच्या हाती लागेलच असं नसतं. वाइनच्या वर्गात मात्र खुर्चीसमोर पाच-सहा ग्लास आधीच ओतून ठेवलेले असतात आणि जाणकार माणूस ते क्रमाने उलगडून सांगतो. रे आइल, मार्क ओल्डमन, अँथनी जिग्लिओ यांचे वाइनचे आणि लॉरा वर्लिन यांचे चीजचे वर्ग इथे वर्षानुवर्षं होत आले आहेत. दिवसाला एक नामवंत शेफ आणि दोन वाइनचे वर्ग हा हिशेब जमतो. चौथा घेतला की जीभ बधिर होते.

दोन वर्गांमधलं अंतर नकाशावर पाहून घ्यावं. गाव छोटं आहे, पण हॉटेल जेरोमहून सेंट रेजिसपर्यंत दहा मिनिटं धरावीत, कारण तिथल्या हवेत भरभर चाललं तर धाप लागते. पहिला वर्ग सकाळी दहाच्या आसपास असतो आणि त्यातही वाइन असू शकते. म्हणून अंडी, चीज, ओट्स असा पोटाला आधार देणारा नाश्ता आधीच करावा. प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ पोटात असले की अल्कोहोल आतड्यात सावकाश उतरतं. नुसत्या कॉफी-क्रोसाँवर जाणारे अकराला डुलायला लागतात.

तंबूतली सत्रं पाच: शुक्रवार-शनिवारी दोन-दोन, रविवारी एक. प्रत्येक साधारण दीड तासाचं. दारात ग्लास मिळतो. आत शेकडो टेबलं, प्रत्येकावर कोणी ना कोणी ओतायला तयार. एक चाखणी साधारण ३० मिलिलिटर धरा. नाशिकच्या वायनरीत टेस्टिंग केलेल्यांना हे माप ओळखीचं आहे, फक्त तिथे ओळीत पाच-सहा असतात. इथे दीड तासात वीस चाखण्या सहज होतात. वीस गुणिले ३० म्हणजे ६०० मिलिलिटर, पाऊण लिटरच्या बाटलीतली बहुतेक बाटली. १३ टक्के अल्कोहोल धरलं तर साठ ग्रॅमच्या वर. शरीर तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम निपटतं. ही झाली वाइनची गोष्ट. व्हिस्की-टकीलाचा १५ मिलिलिटरचा इवलासा घोट हा वाइनच्या ३० मिलिलिटरपेक्षा दीडपट जड असतो, आणि तो दिसायला निरुपद्रवी.

उपाय एकच: थुंका. टेबलावर बादली किंवा पीकदाणी असते, ती त्यासाठीच. आपल्याला चारचौघांत हे अवघड वाटतं, पण ओतणारे व्यावसायिक दिवसभर तेच करतात आणि थुंकणाऱ्याकडे अधिक आदराने बघतात. अशाला टेबलाखालची चांगली बाटली दाखवायचीही शक्यता जास्त. गर्दीत बादलीपर्यंत हात पोहोचत नाही, म्हणून एक कागदी पेला डाव्या हातात ठेवावा. घोट लहान घ्यावा, पाच सेकंद तोंडात फिरवावा, ओठ आवळून सरळ रेषेत बाहेर. घरी बेसिनवर पाण्याने सराव करून यावा, नाहीतर पांढऱ्या शर्टाचं काही खरं नाही. थुंकूनही थोडी वाइन पोटात जातेच, त्यामुळे तीन-चार चाखण्यांमागे एक पेला पाणी.

शिरल्याबरोबर दारालगतच्या टेबलांवर झुंबड उडते. सरळ मागच्या टोकाला जावं आणि तिथून दाराकडे यावं. पहिली वीस मिनिटं मोकळी मिळतात. दुर्मीळ बाटल्या त्याच वेळात उघडतात आणि संपतात. क्रम असा: फसफसती, मग पांढरी, रोझे म्हणजे गुलाबी, लाल, शेवटी गोड, स्पिरिट्स सगळ्यांत शेवटी किंवा दुसऱ्या सत्रात. क्रम उलटला तर लाल वाइनमधलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून तोंड कोरडं करतं आणि नंतरची नाजूक पांढरी पाण्यासारखी लागते. दुपारी तंबू तापतो, लाल वाइनही तापते, आणि तापली की तिच्यात दारूचाच वास पुढे येतो. भारी लाल वाइन चाखायची असेल तर दुपारच्या पहिल्या सत्रात. खाद्याचे घास एक-दोन तोंडांचे असतात. गोड खाल्ल्यावर लगेच कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, वाइन घेतली तर ती आंबट लागते. ही चूक अनुभवी लोकही चॉकलेटच्या टेबलापाशी करतात.

स्पेनच्या दालनात हॅम कापण्याभोवती गर्दी असते. शाकाहाऱ्यांनी तिथलं ऑलिव्ह तेल, बदाम, मांचेगो पाहावं, पण मांचेगोसकट अनेक पारंपरिक युरोपीय चीजांत वासराच्या किंवा कोकराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारं द्रव्य) असतं, हे ज्यांना चालत नाही त्यांनी विचारून घ्यावं. ‘मी व्हेजिटेरियन आहे’ एवढं पुरत नाही. सूपात कोंबडीचा रस्सा, सॅलडात अँचोव्ही मासे, बीन्समध्ये बेकन म्हणजे डुकराचं मांस, पॅना कोटा या गोड पदार्थात प्राण्यांपासूनचं जिलेटिन असतं, आणि घाईतला माणूस ‘मांस नाही’ असं प्रामाणिकपणे सांगून मोकळा होतो. नाव घेऊन विचारा: स्टॉक? बेकन? फिश सॉस? वर्गात आणि तंबूत पोटभर शाकाहारी जेवण होईल असं धरू नये. पिशवीत दाण्याची चिक्की किंवा खाकरा असू द्यावा.

अत्तर नको. शेजारच्याची अर्धी वाइन तुमच्या सेंटच्या वासाची होते. नाश्त्यानंतर पुदिन्याची टूथपेस्ट किंवा बडीशेपेचा मुखवास घेतला तर पहिल्या दोन ग्लासांची चव गेलीच. वॅग्नर पार्क गवताचं मैदान आहे, टाचा रुततात, सपाट बूट घालावेत. दिवसा २२ ते २५ अंश आणि कडक ऊन, दुपारी कधी गडगडाटी सर, रात्री पारा पाच-सहावर. टोपी, सनस्क्रीन आणि जाकीट तिन्ही एकाच पिशवीत लागतात. तंबूतला ग्लास घेऊन रस्त्यावर येऊ नये. आणि गावात राजरोस विकला जाणारा गांजा हा राज्याच्या कायद्याने चालतो, केंद्राच्या नाही. व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असलेल्यांनी त्याच्या वाटेला न जाणंच बरं. उंची आणि वाइनवर तो चढतोही वाईट.

एवढा खर्च नको असणाऱ्यांनी मायामीच्या साऊथ बीचचा महोत्सव पाहावा. तो फेब्रुवारीअखेरीस असतो, प्रत्येक कार्यक्रमाचं तिकीट वेगळं आणि सगळं समुद्रसपाटीवर. टीव्हीवरचे शेफ तिथेही भरपूर, पण वर्गांची शिस्त अ‍ॅस्पनची, आणि शिकायचं असेल तर अ‍ॅस्पनच.

तंबूत बाटल्या विकत मिळत नाहीत, म्हणून आवडलेल्या प्रत्येक लेबलचा पुढून आणि मागून फोटो काढावा. आयात केलेल्या बाटलीच्या मागच्या बाजूला आयातदाराचं नाव असतं आणि दुकानदार त्याच्यावरून शोधून देतो. फोटोवरच दोन शब्द लिहून ठेवावेत, संध्याकाळी काही आठवत नाही. नंतर घेतलेल्या बाटल्या विमानात चेक-इन सामानात जातात: २४ टक्क्यांपर्यंतच्या वाइनवर अमेरिकेत मर्यादा नाही, त्यावर ७० टक्क्यांपर्यंतच्या मद्यावर माणशी पाच लिटरची आहे, आणि भारतात उतरताना माणशी दोन लिटर शुल्कमुक्त. रविवारचं सत्र संपल्यावर सगळं गाव एकाच रस्त्याने खाली उतरतं. त्यामुळे परतीचं विमान सोमवार सकाळचं घ्यावं, किंवा रविवारी संध्याकाळी बसने ग्लेनवूडला उतरून तिथे मुक्काम करावा. तिथून सोमवारी डेन्व्हरला जाणारी अ‍ॅमट्रॅकची रेल्वेगाडीही आहे, फक्त ती उशिरा येते हे धरूनच पुढचं उड्डाण ठरवावं.