डबल डेकर १:५० : जिना बसला, काचा धुरकटल्या

ठाण्यात चाललेल्या डबल डेकर बसच्या मॉडेलच्या (खऱ्या गाडीच्या पन्नासाव्या हिश्श्याच्या, १:५०) कामाची ही तिसरी नोंद. सांगाडा उभा आहे, दोन्ही मजल्यांच्या जमिनी बसल्या, जिना दुसऱ्या खेपेला जमला. डावी बाजू रंगून तयार आहे. उजवी पुन्हा घासायला घेतली आहे.

मॉडेल आहे ‘बेस्ट’च्या शेवटच्या डिझेल डबल डेकरचं. १५ सप्टेंबर २०२३ ला आगरकर चौक ते सीप्झ, ४१५ नंबरवर धावून ती थांबली. १९३७ साली मुंबईत आलेल्या या गाडीचा ताफा एकेकाळी नऊशेच्या घरात होता. दोन मजले म्हणजे दोन कंडक्टर, त्यामुळे चालवायचा खर्च जास्त; म्हणून जुनी गाडी मोडीत निघाली की तिच्या जागी डबल डेकर यायची थांबली. पंधरा वर्षांची मुदत भरत आली तेव्हा उरल्या होत्या सात : चार साध्या आणि तीन उघड्या टपाच्या. उघड्या टपाच्याही ५ ऑक्टोबरला गेल्या. तेव्हा मॉडेलमध्ये कोरी करकरीत गाडी करण्यात अर्थ नाही. पंधरा वर्षं राबलेली दिसली पाहिजे.

आधी मापं. कारखान्याचा नकाशा हाताशी नसेल तर फोटोतली नंबरप्लेट हीच फूटपट्टी. मोठ्या गाडीची मागची प्लेट ३४० × २०० मिमी, म्हणजे १:५० ला ६.८ × ४ मिमी. तिच्यावरून मागची रुंदी काढा आणि ५२ मिमीपेक्षा जास्त आली तर फोटो बदला, कारण नियमाने बसची रुंदी २.६ मीटरच्या पुढे जात नाही. बाजूच्या फोटोसाठी मात्र ही प्लेट चालत नाही, तिथे टायर धरा : १०.००-२० चा टायर साधारण १,०५० मिमी, मॉडेलमध्ये २१. फोटो लांबून, झूम करून काढलेलाच घ्या. फुटपाथवरून जवळून काढलेल्या फोटोत वरचा मजला आक्रसतो आणि खिडक्या बुटक्या निघतात.

उंचीचा हिशेब असा धरला आहे : रस्त्यापासून खालची जमीन १५ मिमी, खालचा मजला ३६.५, मधली जमीन २.५, वरचा मजला ३५, टप २. एकूण ९१. डबल डेकरला ४.७५ मीटरची मर्यादा, म्हणजे ९५ मिमी, तेव्हा चार मिमी हातात राहतात. ते राहू द्या. १ मिमी शीट म्हणजे खऱ्या गाडीत ५ सेंटिमीटर. दोन थर आणि मधला गोंद मोजायचा राहिला की वरच्या खिडक्या हमखास एका रेषेत येत नाहीत.

जमिनी आणि आडव्या चौकटी २ मिमी ॲक्रिलिकच्या, वागळे इस्टेटीत लेझरवर कापलेल्या. कापण्याआधी शीट व्हर्नियर कॅलिपरने दोन्ही टोकांना मोजा. २ मिमी म्हणून मिळणारी शीट १.८ही निघते, आणि खाचा मग खुळखुळतात. मधल्या जमिनीवर ०.५ मिमी शीट वेगळी लावली, तीच आसनांच्या खुणांसाठी. जोड क्लोरोफॉर्मने, खिडकी उघडी ठेवून. लेझरच्या कडेला ताण राहिलेला असतो. तिथे क्लोरोफॉर्म लागला की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे जातात. जमिनीत ते खपतात. दर्शनी भागात नाही, म्हणून बाहेरची कातडी एबीएस प्लास्टिकची, हाताने कापलेली.

आता जिना. या गाडीला दार एकच, मागे डावीकडे, आणि जिनाही एकच. पहिल्या खेपेला तो सरळ काढला, तर वरचं टोक थेट आसनांवर आलं. वळण दिल्याशिवाय तो बसतच नाही. जमिनीपासून जमिनीपर्यंत ३९ मिमी, आठ पायऱ्या, प्रत्येकी ४.९ला जरा कमी. वळणावरच्या तीन पायऱ्या त्रिकोणी कापायच्या, टोकं एका १.५ मिमी दांडीला चिकटवायची. बाकीच्या पाच सरळ.

काचा मात्र बिघडल्या. पारदर्शक शीट इन्स्टंट ग्लूने लावली, टप लगेच बंद केला, आणि सकाळी खालच्या मजल्याच्या सगळ्या काचांवर पांढरी साय. ग्लूची वाफ बंद पेटीत अडकते आणि हवेतल्या ओलाव्याने काचेवर जमते. पावसाळ्यात ठाण्याची हवा तर त्याला पूरकच. काचा पांढऱ्या फेविकॉलनेच लावा, टूथपिकने, आणि टप चोवीस तास उघडा ठेवा.

उजव्या बाजूचा रंगही ओल्या हवेनेच खाल्ला. स्प्रेचं थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दव धरतं आणि लाल रंग दुधट होतो. उपाय : पाऊस थांबलेली दुपार, डबा कोमट पाण्यात पाच मिनिटं, तीन पातळ हात, मध्ये वीस-वीस मिनिटं. प्रायमर पांढराच घ्या. राखाडीवर हा लाल मरून रंगाचा दिसतो, मग कितीही हात मारा. दुधट झालेलं ८००च्या वॉटर पेपरने ओलं घासून निघतं.

जुनेपणा सगळीकडे सारखा फासू नका. गाडी रस्त्याच्या डाव्या कडेने जाते, झाडांच्या फांद्या वरच्या मजल्याच्या डाव्या पुढच्या कोपऱ्यालाच घासतात. ओरखडे तिथेच हवेत, पुढून मागे, आडवे. उजव्या बाजूला ते दिसले की जाणकार हसतो. दुरुस्तीचे एक-दोन ठिगळ मूळ लालपेक्षा किंचित गडद. वरच्या खिडक्यांखाली पिंकेचे ओघळ दाखवायचा मोह होईल; लालवर लाल, कुणाला दिसायचं नाही, मेहनत वाचवा.

चाकं सहा : पुढे दोन, मागे चार जोडीने. पुढच्याचा हब (चाकाचा मधला भाग) बाहेर येतो, मागच्याचा आत जातो. एकच छापून सहाही ठिकाणी लावली तर चूक लांबूनही कळते.

टप चिकटवण्याआधी घंटीची दोरी राहिली आहे. खालच्या छताला ०.२ मिमी दोरा, दर २० मिमीवर एक आकडा. पुढच्या पाटीवर ४१५ देवनागरीतच.