खुर्ची कुठे ठेवायची

"मॅडम, तुम्हीच सांगा न, चूक कोणाची आहे?"

माझ्या समुपदेशनाच्या खोलीत सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. नवरा विचारतो, सासू विचारते, एकदा अकरावीतल्या मुलीनं आईबाबांकडे बोट दाखवून विचारला होता. त्यांचं काही चुकत नाही. आपल्याकडे घरातलं भांडण आधी मामांकडे जातं, मग मोठ्या काकांकडे, मग वकिलाकडे. मी त्याच रांगेतली पुढची, असं त्यांना वाटतं.

सुरुवातीच्या वर्षांत मीही निवाडा दिला आहे. एक जोडपं यायचं. ती बोलायला लागली की मला माझी धाकटी बहीण दिसायची. तिसऱ्या भेटीत मी नवऱ्याला म्हणाले, "पण त्यांचं म्हणणं बरोबरच आहे न?" तो नुसता मान हलवत राहिला. पुढच्या आठवड्यात ती एकटीच आली, त्यानंतर तीही आली नाही. तिच्या बाजूनं बोलून मी तिचंच नुकसान केलं होतं. ते आजही सलतं.

तेव्हापासून जोडपं आलं की माझं अशील त्यांच्यातलं नातं, हे मी पहिल्याच दिवशी सांगते. आणखी एक गोष्ट सांगते: मागाहून फोन करून "ह्यांना सांगू नका, पण" असं म्हणाल तर ते मी ठेवून घेणार नाही. दोघांना वेगवेगळं भेटायचं असेल तर भेटते, पण नियम आधी ठरतात. मारहाण होत असेल तर मात्र दोघांना समोरासमोर बसवत नाही. खोलीत खरं बोललेल्या वाक्याची किंमत तिला घरी गेल्यावर मोजावी लागते. तिथे आधी तिची सुरक्षितता, २००५च्या घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायद्याची माहिती, आणि समुपदेशन त्यानंतर.

वेगळं व्हायचं ठरवूनही लोक येतात. परस्पर संमतीच्या घटस्फोटात अर्जानंतर सहा महिने थांबायची तरतूद आहे. ती प्रत्येक वेळी बंधनकारक नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली सांगितलं. लेकरं असतील तर तो काळ वापरा, असं मला मनापासून वाटतं. नवराबायको राहिले नाहीत तरी आईबाप राहायचंच आहे, आणि ते शिकायला वेळ लागतो.

आता खुर्च्यांचं. प्रतापनगरातल्या माझ्या खोलीत टेबल नाही. सहा खुर्च्या आहेत, सारख्याच, कुणालाही उचलता येतील अशा. कुणी कुठे बसायचं ते मी सांगत नाही. बसू देते आणि बघते.

मागच्या मे महिन्यातलं एक घर सांगते. त्यांना विचारून लिहिते आहे, ओळखीचे तपशील बदलले आहेत. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होता, बाहेर रस्ता सुना. तिघं आली. सतरा वर्षांच्या मुलानं नीटचा क्लास सोडला होता, दिवसभर खोलीचं दार लावून असायचा. आई मधल्या खुर्चीत बसली, मुलगा तिच्या डावीकडे, बाबांनी आपली खुर्ची दाराकडे ओढून घेतली. मी मुलाला विचारलं, "झोप लागते का?"

"कुठची झोप मॅडम," आई म्हणाली, "तीन-तीन वाजेपर्यंत मोबाइल पाहून राहिला असते."

जेवणाचं विचारलं, आईनं सांगितलं. काय आवडतं विचारलं, तेही आईनंच सांगितलं. प्रत्येक प्रश्नाला मुलगा आईकडे बघायचा, आई बाबांकडे आणि बाबा फोनकडे.

अशा आईचा राग येणं फार सोपं आहे. पण ती कित्येक वर्षं त्या दोघांची दुभाषी होती. बाबांचं रागावणं तिच्यामार्फत, मुलाचं मागणं तिच्यामार्फत. कुटुंबांसोबत काम करणारे साल्वाडोर मिन्युचिन चालू सत्रात लोकांच्या जागा बदलायचे. मी म्हटलं, "ताई, फार वेळ मधे बसल्या तुम्ही. जरा माझ्याजवळ या." ती आली. रिकाम्या खुर्चीवर बाबांना बसवलं.

कुणीच बोलेना. कूलरचं पाणी ठिबकत होतं. आईनं दोनदा बोलायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मिटलं. तिचा हात माझ्या मनगटावर होता, घट्ट. चारेक मिनिटांनी बाबांनी पिशवीतून बाटली काढली. "पाणी पितो काय?"

"हो."

त्या दिवशी तेवढंच झालं. पुढे दिवाळीपर्यंत ते येत राहिले. क्लासचं काय झालं ते मी लिहिणार नाही, ते त्या मुलाचं आहे.

दिवाळीनंतर आई एकटी आली. आधी बाकी दोघांशी बोलून घेतलं, त्यांची हरकत नव्हती. एकट्या माणसासोबत माझं काम बदलतं, तिथे मी खुर्च्या हलवत नाही. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी 'पेशंट' म्हणणं सोडलं आणि समोरच्याला कोणतीही अट न घालता स्वीकारण्यावर भर दिला. ऐकायला सोपं वाटतं. पण सल्ला जिभेवर आलेला असताना गप्प राहणं मला अजूनही जड जातं.

ती म्हणाली, "दोघं बोलून राहिले न आता आपसात. मी काय करू मॅडम?"

मी तिला मुलाचाच प्रश्न विचारला. झोप लागते का?

"ह्यांना तर पडल्या पडल्या..." ती थांबली. "मला होय? मला दुपारी साडेतीनला येते झोप. पण तेव्हा चहा ठेवायचा असते."

"कुणासाठी?"

ती बराच वेळ समोरच्या खुर्चीकडे बघत राहिली. "आता कोणीच नसते घरी. दोघंही सहाला येतात."