घोडबंदर रोडच्या आतलं दोन रात्रींचं मौन

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर घोडबंदर रोडने रिट्रीटला, म्हणजे मौन-प्रार्थनेच्या शिबिराला निघायचं म्हणजे कापूरबावडीपासूनच अवजड गाड्यांच्या रांगेत अडकायचं. सातला पोचायचं ते मी पावणेनऊला पोचले आणि पहिलं प्रवचन हुकलं. तुम्ही जाणार असाल तर अर्धी रजा टाका, चारच्या आत ठाणे स्टेशन सोडा.

आमच्या पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या अठरा जणांची ही तपसाधना येऊरच्या डोंगराला लागून असलेल्या सिस्टरांच्या (धर्मभगिनींच्या) घरात होती. जागा पॅरिश ऑफिसमधूनच मिळते. उपवासकाळातले, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांतले शनिवार-रविवार लवकर भरतात, त्यामुळे तो सुरू होतो त्या भस्म बुधवारची वाट न बघता नाव देऊन टाका. चादर, टॉर्च, डासांचं मलम, बायबल आणि एक वही पुरे. मधुमेह असेल तर स्वयंपाकघरातल्या सिस्टरना आल्याआल्या सांगा. घरच्यांना तिथला लँडलाइन नंबर देऊन ठेवा, कारण मोबाईल पाकिटात घालून, वर नाव लिहून जमा करावा लागतो.

शुक्रवारची रात्र सोपी गेली. कस लागतो तो शनिवारी दुपारी. फादरांनी बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातला आंधळा बार्तिमय मननाला दिला होता. येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करू? माझं उत्तर घरूनच तयार होतं: बदली. आंब्याखालच्या सिमेंटच्या बाकावर बसून ते पाच मिनिटांत मागून झालं. पुढे काहीच नाही. ऊन, आत भांडी घासल्याचा आवाज, पायाशी मुंग्यांची रांग. विसाव्या मिनिटाला बॅग भरावीशी वाटली.

सकाळीच फादरांनी येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांचा नियम सांगितला होता: मन कोरडं पडलं असताना आधीचा निश्चय बदलायचा नाही, उलट ठरल्या तासापेक्षा थोडं जास्तच बसायचं. हा नियम ज्यात आहे त्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकाची टिपणं इग्नेशियसनी १५२२ मध्ये स्पेनमधल्या मान्रेसाला लिहायला घेतली, तेव्हा ते धर्मगुरूही नव्हते. दीक्षा झाली १५३७ मध्ये. मला याचा फार आधार वाटला. बसून राहिले.

तास उलटल्यावर डोळ्यांपुढे बदली नव्हती, माझी मोठी जाऊ होती. मी इथे मौन पाळायला आले होते आणि घरी दोन वर्षं तिच्याशी अबोला धरून होते. मौनात कान उघडे असतात. तिचा फोन आला तर मी मोबाईल पालथा घालून ठेवायचे. संध्याकाळी पापनिवेदनात, फादरांपुढे चुका कबूल करताना, हेच सांगितलं. (आराधनेनंतर तिथे लांब रांग लागते, पाचच्या आधी जा.)

रविवारी मिस्सा (चर्चमधला उपासनाविधी) आणि जेवण झाल्यावर पाकीट परत मिळालं. रिक्षात बसण्याआधी फाटकाजवळ उभी राहून जाऊबाईंना फोन लावला. दोघींनाही नीट बोलता आलं नाही, पण फोन कुणी ठेवलाही नाही.

लहान मुलं, आजारी सासू-सासरे यांच्यामुळे ज्यांना दोन रात्री घर सोडता येत नाही, त्यांच्यासाठीही इग्नेशियसनी सोय करून ठेवली आहे. त्याच पुस्तकातल्या एकोणिसाव्या सूचनेत, कामाधामात गुंतलेल्या माणसाने घरी राहून रोज दीड तास काढावा, असं ते सांगतात. आपल्या फादरांना तसं विचारून बघा. सोबत मार्गदर्शक मात्र हवाच, एकट्याने सुरू करू नका.