डावी पापणी वर राहिली, पण आता बोलायची पंचाईत

मार्व्हलच्या बडबड्या डेडपूलचा हलत्या डोळ्यांचा मुखवटा बनवतोय, दोरी ओढली की पापण्या उघडतात. त्यातली डावी पापणी पडायची थांबली. पंखा बंद करून, मुखवटा चढवून बसलो. बनियन पिळता येईल इतका घाम आला, पण पापणी जागची हलली नाही. मागच्या नोंदीतलं रडगाणं इथं संपलं.

ते वाचलेल्यांना आठवत असेल, सगळा वैताग एकाच गोष्टीचा होता. टेबलावर यंत्रणा लोण्यासारखी चालायची आणि डोक्यावर चढवली की दहा-पंधरा मिनिटांत डावा डोळा अर्धा मिटायचा. उजवा टक्क उघडा. डेडपूल नाही, पहाटे लग्नाच्या वरातीतून परतलेला पाहुणा दिसायचा.

संशय पहिला लायक्रावर आला. हे कापड ताणून शेलवर, म्हणजे आतल्या छापलेल्या कडक कवचावर, बसवलं की पापणीच्या कडेला घासतं, हे आपण मुखवटे बनवणाऱ्या सगळ्यांचं ठरलेलं निदान. कड तासली, पापणी आणि कापडात दोन मिलिमीटर मोकळी जागा केली. फरक शून्य. मग रबर बदललं. मग कुणीतरी सुचवलं की पीएलए, म्हणजे शेल ज्याचं छापलंय ते प्लास्टिक, गरमीनं मऊ पडत असेल. हे मला पटलंच नव्हतं. पीएलए साठ अंशांच्या आसपास ढिलं पडतं. माझं डोकं कितीही तापलं तरी तिथवर जात नाही. मे महिन्यात परभणीत काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीत शेल ठेवलात तर वाकेल, ती गोष्ट वेगळी. त्यासाठी पीईटीजी हे जास्त गरमी सोसणारं प्लास्टिक वापरा, प्रिंटरचं नोझल 235 अंशांवर ठेवा आणि प्लास्टिकच्या तारा निघतात म्हणून कुरकुरू नका.

खरा सुगावा लागला तो उजव्या डोळ्याकडे बघून. तो का पडत नाही? उजव्या बाजूला पाच व्होल्टचा छोटा पंखा बसवलाय, त्यामुळे तिकडची पापणी ओढणारी तंगूस, म्हणजे मासेमारीची नायलॉन दोरी, शेलच्या बाहेरून वळसा घालून जाते. डावीकडची मात्र थेट नाकाच्या जाळीसमोरून. म्हणजे माझा प्रत्येक ओला श्वास तिच्यावर. नायलॉन पाणी पितं आणि ओलं झालं की जास्त ताणतं. खिडकीच्या गजाला दोन तंगुसा बांधल्या, दोन्हींच्या टोकांना तेलाची सारखीच पाकिटं लटकवली, एकीवर ओलं फडकं गुंडाळलं आणि स्केचपेननं खुणा केल्या. आई म्हणाली, "आता हे काय करायलास? तेल सांडलं तर तूच पुसायचं." सकाळी ओल्या तंगुसीची खूण स्पष्ट खाली उतरलेली. पापणीचा एकूण प्रवासच बारा मिलिमीटर आहे. त्यात तीन-चार मिलिमीटर ढील आली की डोळा अर्धा मिटणारच.

उपाय पॉलिथिलीनची विणलेली दोरी. ती पाणी पीत नाही, जवळजवळ ताणत नाही आणि जाडीला तंगुसीपेक्षा बारीक. परभणीत मिळाली नाही. ऑनलाइन एका दुकानदारानं विणलेली म्हणून साधं नायलॉनच रंगवून पाठवलं. पाकिटावर मासा छान होता, एवढंच त्याचं कौतुक. शेवटी नांदेडला गेलो, गळ-जाळी विकणाऱ्याकडे. त्यानं विचारलं, "कोणता मासा धरायलाव?" म्हटलं, "डोळा हलवायचाय." त्यानं न बोलता सर्वांत बारीक रीळ पुढं केलं. असा दुकानदार पाहिजे.

एक सूचना मात्र लिहून ठेवा: ही दोरी गुळगुळीत असते, साधी गाठ सरकते आणि वर फेविक्विक लावलं तरी धरत नाही, कारण पॉलिथिलीनला तो डिंक चिकटतच नाही. दोरी दुहेरी करून कडीतून ओवायची, दुहेरीचीच गाठ मारायची आणि तो फास कडीवरून उलटा काढून ओढायचा. मासेमारीवाले हीच मारतात.

झालं ना सगळं? नाही.

पापणी हनुवटीच्या पट्टीला जोडलेली आहे. तोंड उघडलं की डोळा मोठा, मिटलं की बारीक. स्पायडरमॅनच्या मुखवट्यांसाठी आपल्यातल्या कितीतरी जणांनी हीच पद्धत वापरली आणि तिथं ती शोभते, कारण भिंतीवर चढणारा माणूस अधूनमधून गप्प असतो. डेडपूल गप्प बसतो कधी? दोरी पक्की झाल्यावर पहिल्यांदा आरशासमोर संवाद म्हटला तर प्रत्येक अक्षराला दोन्ही पापण्या फडफड. ढिल्या तंगुसीनं हा दोष इतके दिवस झाकून ठेवला होता. सिनेमावाल्यांना ही अडचणच नव्हती. 2016च्या पहिल्या भागापासून त्याच्या मुखवट्यावरचे हावभाव संगणकावर घातलेत. नटाच्या तोंडावर निव्वळ कापड, भुवया मागाहून. आपल्याला मात्र वसमत रोडवरच्या खोलीत, लाईट असेल तेव्हा, खरीखुरी भुवई उचलायचीय.

हे सगळं चाललेलं असताना आपल्यातलेच दोघं-तिघं पुन्हा तेच म्हणाले: सुपरहिरो संपले, लोक कंटाळले, कशाला वेळ घालवतोस, पुढच्या वेळी मावळा कर. मावळा करायला मला आवडेलच, पण कारण हे नको. आकडे तुम्हीही पाहिलेत. 2023 साली अँट-मॅनचा तिसरा भाग जगभरात 47 कोटी डॉलरवर थांबला, शझॅमचा दुसरा 13 कोटींवर, 'द मार्व्हल्स' 20 कोटींच्या जरा वर. सगळ्यांनी तेराव्याची तयारी केली. आणि जुलै 2024 मध्ये 'डेडपूल अँड वुल्व्हरिन'नं 133 कोटी डॉलर केले, तेही आपल्याकडे प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र असताना.

यावर ठरलेलं उत्तर असं की विनोद होता म्हणून चालला. शझॅममध्येही विनोदच होता की. दुसरं उत्तर, आधीचे दहा सिनेमे बघून यायचा गृहपाठ लोकांना नको झालाय. पटण्यासारखं आहे, पण मग हा सिनेमा आपटायला हवा होता. दुसऱ्या स्टुडिओचे वीस वर्षांपूर्वीचे सिनेमे, एक वेब मालिका, 2017 साली मेलेला वुल्व्हरिन, एवढा गृहपाठ त्यात आहे. संभाजीनगरला बघायला गेलो तेव्हा शेजारच्याला निम्मे पाहुणे ओळखू येत नव्हते, तरी तो हसत होता.

मला वाटतं फरक डोळ्यांत आहे. बाकीचे वीर पडद्यावर आपापलं विश्व वाचवत असतात, आपण तिथं असलो काय, नसलो काय. हा माणूस वळून तुमच्याकडे बघतो, तुम्ही कंटाळलात हे त्याला माहीत असतं, आणि मार्व्हलचे दिवस वाईट चाललेत हे तो स्वतःच सांगून टाकतो. पैठणच्या नाथांच्या भारुडातला जोशी काय, वासुदेव काय, सोंग घेऊन थेट समोर बसलेल्यांशीच बोलतो. सोंग जुनं झालं म्हणून नाथषष्ठीला कुणी उठून गेलेलं मी पाहिलेलं नाही.

पुरावा हवाय? गल्लीतली पोरं. त्यांनी सिनेमा बघितलेला नाही, बघायची परवानगीही नाही. मी गच्चीवरून नुसता मुखवटा घालून खाली बघितलं आणि एक पापणी सोडली. पोरं लोळायला लागली. संवाद नाही, तलवार नाही, 133 कोटी नाहीत.

म्हणून पापण्या तोंडापासून सोडवायच्या, हे पक्कं. पहिला विचार सर्व्होचा, म्हणजे छोट्या मोटरचा. नऊ ग्रॅमचा निळा सर्व्हो सगळ्यांकडे पडलेला असतो. पण तो कानाशी किरकिरतो, आणि पॉवर बँक जरा दमली की थरथरतो. परत पापणी फडफडणार ती फडफडणारच. भुवईला पट्टी चिकटवून पाहिली. माझी भुवई इतकी हलत नाही आणि घामात चिकटपट्टी सुटते.

मग प्रिंटरमध्ये फिलामेंट, म्हणजे छपाईची प्लास्टिक तार, नेणाऱ्या बोडन ट्यूबकडे लक्ष गेलं. पीटीएफई या गुळगुळीत प्लास्टिकची नळी, बाहेरून चार मिलिमीटर, आतून दोन. नवी विणलेली दोरी तिच्यातून सुळकन जाते. सायकलच्या ब्रेकची तार जशी वेष्टणातून ओढतात तीच युक्ती: शेलमधून मानेमागून खाली, बाहीतून मनगटापर्यंत, टोकाला बोटात कडी. नळीची दोन्ही टोकं पक्की बांधली तर मान वळवली तरी दोरीची लांबी फारशी बदलत नाही. कडी अंगठ्यात घालणार होतो, पण दोन्ही हातांत तलवारी असतात. करंगळीत घालायची.

आणि हे लिहितालिहिता सुचलं: दोन्ही पापण्या एका कडीला कशाला? डावी डाव्या करंगळीला, उजवी उजव्या. मग डोळा मारता येईल! म्हणजे हनुवटीची पट्टी अख्खी कापून टाकायची, शेलच्या मागच्या भागात नळीसाठी दोन खाचा, आणि लायक्राला मानेपाशी चेन हलवावी लागणार. गांधी पार्कजवळचे आमचे टेलर चाचा यावर काय म्हणतील ते दिसतंच आहे. मागच्या वेळी माप बघून ते म्हणाले होते, "बेटा, ये कपडा है के गिलाफ?" पण शिलाई बघा त्यांची. डोक्यावरची मधली शिवण नाकाच्या सरळ रेषेत उतरते, कुठे चुणी नाही. ऑनलाइन तयार मुखवट्यांत ती कायम वाकडी असते.

बाकी किरकोळ. डोळ्यांच्या पांढऱ्या भागासाठी जाळी सोडून वन वे व्हिजन हे भोकांचं स्टिकर लावलं. नानलपेठेतल्या फ्लेक्सवाल्याकडे तुकडे उरलेलेच असतात. बाहेरून पांढरं, आतून दिसतं, भोकं असल्यामुळे वाफ धरत नाही. संध्याकाळनंतर आतून जवळपास काही दिसत नाही, जिने जपून. वुल्व्हरिनच्या पिवळ्या टोपणाचं काम थांबवलंय. ह्यू जॅकमननं 2000 साली भूमिका सुरू करून पिवळा पोशाख 2024 मध्ये घातला; माझं टोपण थोडं थांबलं तर चालेल.

उद्या लाईट टिकली तर करंगळीच्या कड्या छापायला टाकतो. मधेच गेली तर प्रिंट पुढे चालू होतं, पण थर जिथं थांबतो तिथंच कडी तुटते, त्यामुळे रात्री अकरानंतरच. मुंबईच्या कॉमिक कॉनला जाणाऱ्यांपैकी कुणी तपोवन एक्स्प्रेसनं येत असेल आणि दोन मीटर बोडन ट्यूब शिल्लक असेल, तर परभणी स्टेशनवर घ्यायला येतो. नवीच हवी, आत फिलामेंटचा चुरा नको.