तुम्ही विचारलंत म्हणून: पिशवी आतच आहे, मग रात्री गजर कशाला?

‘सिस्टर, नवं मूत्राशय आतच बसवलंय, बाहेर काही लटकत नाही. मग हे रात्री ३ वाजता गजर लावून का उठतात?’ कॅन्सरमुळे मूत्राशय काढून आतड्याचं नवं केलेल्यांच्या घरून हा प्रश्न इतक्यांदा येतो, की एकदाचं लिहूनच टाकते.

उठतात, कारण आतड्याला लघवी लागल्याचं कळत नाही. लहान आतड्याचा ५०-६० सेंटिमीटर तुकडा उभा चिरून चेंडूसारखा शिवतात. चिरतात ते आतड्याची पिळून पुढे ढकलायची सवय मोडून आतला दाब कमी राहावा म्हणून. पण मग रिकामं होतानाही तो जोर लावत नाही. बसून, खालचे स्नायू सैल सोडून, पोटानं हलका जोर द्यावा लागतो. सुरुवातीला दर २ तासांनी, पुढे ४. झोपेत लघवी रोखणारी झडप सैल पडते, म्हणून अंथरूण रात्रीच भिजतं. घरचे याला आळस म्हणतात. यात आळस कुठे आला?

आणि जागा बदलली तरी आतडं आव, म्हणजे बुळबुळीत चिकट स्राव, सोडायचं थांबत नाही. लघवीत पांढरे धागे दिसले, की पू समजून अँटिबायोटिक सुरू होतं. ताप नाही, कंबर दुखत नाही, तर आधी डॉक्टरांना विचारा.

खरी कसोटी ही आव अडकते तेव्हा. पोट तटतटलेलं, जोर देऊनही थेंब नाही. अशा वेळी घरचे पाणी पाजतात. पाजू नका. हात धुवा आणि शिकवल्याप्रमाणे कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घाला. तो आत गेला तरी लघवी आली नाही, तर घाबरून ओढून काढू नका. बहुधा टोकाची भोकं आवेनं बुजलेली असतात. ६० मिलीच्या जाड तोंडाच्या सिरिंजमध्ये २०-३० मिलीच नॉर्मल सलाइन (निर्जंतुक मिठाचं पाणी) घ्या, कारण पोट आधीच भरलेलं आहे. हळू सोडा, हळू ओढा. अडलं तर दाबायचं नाही. कॅथेटर जरासा फिरवून पुन्हा. बुळबुळीत गोळा सिरिंजमध्ये आला, की धार सुटते. मग ओढलेलं पाणी स्वच्छ येईपर्यंत धूत राहा. दोन-तीनदा करूनही काही आलं नाही, पोट कडक झालं, ताप किंवा उलटी असली, तर तडक हॉस्पिटल. तिथे पहिलं वाक्य हेच: ‘आतड्याचं मूत्राशय आहे.’ ते फुटू शकतं, आणि वरून बघून कुणालाच कळत नाही.

पूर्वी मी सरसकट सांगायचे, लघवी बाहेर साठवणाऱ्या पोटावरच्या पिशवीपेक्षा हे बरं. आता जीभ अडखळते. पिशवीवाला रात्री तिला मोठ्या पिशवीची नळी जोडून सकाळपर्यंत झोपतो. पण तोच लग्नाच्या पंगतीत मांडी घालून बसायला बिचकतो. कुणाचं आयुष्य सोपं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

‘जेवत नाहीत, चिडचिडे झालेत,’ अशी तक्रार करता ना? आतड्यात लघवी साठली की त्यातली आम्लं रक्तात परत शोषली जातात. थकवा येतो, मळमळतं, भूक मरते. माणसाला हट्टी ठरवण्याआधी रक्तातलं बायकार्बोनेट, म्हणजे आम्लाला मारणारा क्षार, तपासून घ्या. कमी निघालं, तर डॉक्टर सोडाबायकार्बच्या गोळ्या देतात, आणि पुष्कळदा काही दिवसांत माणूस स्वतःहून ताट मागतो.